टोपड्याचं मार्केट

गुरुपादआण्णा म्हटलं की मला आधी त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आठवतं, आणि मग बाकीचे आण्णा. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आण्णा जाऊन दोन वर्षं झाली. मी चांगलंच लिहायला बसते, पण ते बोट मध्ये येतं.

बोट लांब होतं आणि त्याचं नख वाढवलेलं होतं. ते कानात जायचं, तिथून दातांत जायचं, तिथून पेपरवर यायचं, कारण थुंकी लावल्याशिवाय आण्णांना पान उलटत नसे, आणि शेवटी ते गिऱ्हाइकाच्या चटणीत जायचं. आमच्या कोल्हापूरकडं चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट. मिरची, खोबरं, लसूण, धणे, तीळ सगळं भाजून एकत्र कुटलेलं. आण्णांच्या बायकोचं, महानंदाआक्कांचं, राजारामपुरीत ती चटणी कुटून द्यायचं कांडप होतं. पुढच्या खोलीत लोखंडी मुसळांचं यंत्र, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं बोळ. मी गडमुडशिंगीहून सिटी बसनं यायचे आणि मिरच्यांची देठं काढायचे. माझ्याबरोबर हौसाबाई होती. तिचं तोंड यंत्रापेक्षा मोठं चालायचं.

चटणी कुटून झाली की गरम असते, तिचा वास अंगावर येतो. गिऱ्हाईक बाई ती डब्यात भरून घेत असायची आणि नेमके तेव्हा आण्णा यायचे. बोट बुडवायचे, चाटायचे, डोळे मिटायचे, आणि तेच ओलं बोट परत बुडवायचे.

"मीठ कमी हाय," म्हणायचे.

मीठ कधीच कमी नसायचं. आक्कांचा हात मिठाला चुकल्याचं मी कधी बघितलं नाही. एकदा एक बाई धीर करून म्हणाली, "आण्णा, चमचा घ्या की."

"चमच्याला चव कळती व्हय, वैनी?" आण्णा म्हणाले आणि तिसऱ्यांदा बोट बुडवलं.

ते गेले की आक्का डब्यातली वरची मूठभर चटणी काढायच्या आणि दुसरी घालायच्या. ती काढलेली चटणी घरात आण्णांच्याच ताटात जायची. ते मला आवडायचं.

दिसायला आण्णा स्वच्छ होते, हेच मोठं नवल. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, खिशात कंगवा, आणि अंगाला अत्तर असं की ते आले की नाकात आधी मिरची आणि मग गुलाब जायचा. दारू नाही, मटका नाही, मांसमच्छी तर घरातच नाही. आक्का एकदा लसूण सोलता सोलता म्हणाल्या होत्या, "पीत असता तर लोकांनी मला बिचारी तरी म्हटलं असतं. आता काय सांगू? नवऱ्याला कल्पना सुचत्यात म्हणून रडू?"

कल्पना सुचायच्या हे खरं होतं. त्यांनी ससे पाळले होते. मग सूर्यचुली आणल्या होत्या, त्यात भर उन्हात ठेवलेली डाळ संध्याकाळी कच्ची निघाली. मग आवळ्याचा रस. प्रत्येक वस्तू घरात आली की आण्णा दारात उभे राहून, कमरेवर हात ठेवून, एकच वाक्य बोलायचे.

"ह्येला लई मार्केट हाय."

मार्केट कुठं आहे ते आम्हाला कधी दिसलं नाही. ससे मात्र दिसायचे. ते मिरच्या खायचे.

टोपडं आलं ते नव्वदच्या पुढच्या सालांत. राजारामपुरीत तेव्हा व्हिडिओ गेमची दुकानं निघाली होती आणि क्लासची पोरं तिथं पडलेली असायची. आण्णा मुंबईला कसलंसं प्रदर्शन बघायला गेले आणि परत आले ते जमिनीवर पाय न टेकताच आले. चटणीचा हंगाम संपत आला होता. आम्ही देठं काढत बसलो होतो. आण्णा सदरा सावरून आमच्यापुढं पोत्यावर बसले.

"डोक्यावर घालायचं," ते म्हणाले. "डोळं बंद हुत्यात. भाईरचं काय बी दिसत न्हाय. आन् आत दुसरं जग!"

"झोपल्यावर बी तसंच होतंय की," हौसाबाई म्हणाली.

"हौसाबाई, हसू नका. व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हंत्यात त्येला. धा वर्सांत घराघरात दोन-दोन असणार बघा. टीव्ही भंगारात जाणार. पोरगी बघायला जायाचं कामच न्हाय. पावणं निपाणीत, पोरगी कोल्हापुरात. दोघांनी डोक्यावर घालायचं की समोरासमोर!"

"आन् पोहे?"

"कसलं पोहे?"

"पोरगी बघायला आलेला पावणा पोहे खाल्ल्याबगार उठतोय व्हय? पोहे बी आतच दिसायचं? मग भिकारच की तुमची मशीन."

"तुमाला मार्केट कळत न्हाय," आण्णा म्हणाले. त्यांनी खिशातून रंगीत कागद काढला, बोटाला थुंकी लावून उघडला आणि आमच्यापुढं धरला. चित्रातल्या माणसाच्या डोक्यावर लोहाराच्या भात्यासारखं काहीतरी काळं बसवलेलं होतं आणि तो हवेत हात पसरून उभा होता.

"अगंबाई, टोपडं," हौसाबाई म्हणाली. "बाळंतिणीनं पोराला घालावं तसं." तेव्हापासून त्याचं नाव टोपडंच पडलं. आण्णा सोडून सगळे टोपडंच म्हणायचे.

आक्का इतका वेळ चाळण हलवत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ठेवणार कुठं?"

आण्णांनी कांडपाकडं बघितलं.

आक्कांची चाळण थांबली. कांडपाचं कसं असतं ते इथल्या बाईलाच कळतं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. अमक्यांना ब्याडगी जास्त, तमक्यांना खसखस नको, कुणाच्या सासूबाईंना चक्रीफूल चालत नाही. हे सगळं आक्कांच्या डोक्यात असायचं. बाई दारात दिसली की आक्का तिच्या घरची चटणी सांगायच्या. असं गिऱ्हाईक एक हंगाम दुसरीकडं गेलं की तिकडचंच होतं. परत येत नाही, रस्त्यात भेटलं तर मान फिरवतं.

"हंगाम संपल्यावर खोली मोकळीच असती की," आण्णा म्हणाले. "आखाडात मशीन आणतो. तुझ्या हंगामाच्या आत परत कांडप बसवून देतो."

"शिवरात्रीच्या आत."

"शिवरात्रीच्या आत."

"असं न्हाय. लिंग हातात घेऊन सांगा."

आण्णांनी गळ्यातली डबी मुठीत धरली आणि शपथ घेतली. त्यांच्या लिंगायत घरात त्यापुढं शपथ नाही. मी तेव्हा खाली बघत होते, कारण डबीवरून तेच बोट फिरत होतं.

कांडप उचकटून मागच्या बोळात ठेवलं, वर प्लास्टिक बांधलं. पुढच्या खोलीला आण्णांनी काळा रंग दिला. रंगाखाली मिरची तशीच होती. भिंतींनी किती वर्षं मिरची प्यालेली, ती रंगानं थोडीच जाते. रंगारी शिंकून शिंकून बेजार झाला. मग मुंबईहून मशीन आली, जुनीच होती, पण मोठी होती. कमरेएवढं गोल कठडं, त्यात माणसानं उभं राहायचं, वरून जाड वायर, आणि वायरच्या टोकाला ते टोपडं. उचलून बघितलं तर तांदळाच्या भरल्या पिशवीसारखं जड. आतून डोळ्यांभोवती काळा स्पंज होता.

आक्का मागं स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी आणि पापड करून विकू लागल्या. हौसाबाई त्यांच्या हाताखाली, आणि मी पुढं झाडलोटीला.

उद्घाटनाला नगरसेवक आले. नवीन यंत्र म्हटल्यावर पूजा आलीच. आण्णांनी टोपड्याला हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. आणि वाहिलं ते कुठं, तर टोपडं उलटं धरून त्याच्या आतल्या दोन्ही भिंगांवर! ट्रॅक्टरच्या दिव्यांना लावतात तसं, एकेक ठसठशीत बोट. मग ते तसंच नगरसेवकांच्या डोक्यावर चढवलं.

"दिसतंय का साहेब?"

"आण्णा, सगळं तांबडंच दिसतंय की हो."

आण्णा घाबरले, पण थोडा वेळच. "सूर्योदय हाय साहेब," म्हणाले. "सुरवातीला सूर्योदयच असतोय."

साहेबांनी टोपडं काढलं. त्यांच्या भुवयांवर हळद होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब गेल्यावर आण्णांनी बोट जिभेवर फिरवलं आणि भिंगं पुसली. पुढच्या माणसाला टोपडं घातलं, त्याचं झाल्यावर परत बोट, परत जीभ, परत भिंग. पुढं तो नियमच झाला. मी फडकं ओलं करून पुढं केलं की म्हणायचे, "फडक्यानं ओरखडं उठत्यात. थुंकीएवढं मऊ काय न्हाय जगात."



आत काय दिसायचं ते मी एकदाच बघितलं. आण्णांनी हट्टानं घातलं. हिरव्या चौकोनांची जमीन, निळं आभाळ, लांब एक ठोकळ्याचा डोंगर. मान वळवली की सगळं जरा उशिरा वळायचं, म्हशीनं मान वळवावी तसं. नाकात मात्र आधीच्या माणसाच्या डोक्याचा तेलकट वास. मी लगेच काढलं.

आण्णा त्या डोंगराला पन्हाळा म्हणायचे. "चला, पन्हाळ्यावर जाऊन या," म्हणून गिऱ्हाइकाला कठड्यात ढकलायचे.

एक रिक्षावाला आतून ओरडला, "आण्णा, ह्यो कसला पन्हाळा? मी रविवारी गेलतो की. कणसं कुठं हायत भाजलेली? झुणका-भाकरी कुठं हाय?"

"अरं, ते फुडल्या मशीनीत येणार."

"मग मी तवाच येतो."

एकदा आमच्या गावचे ज्ञानूनाना कचेरीच्या कामाला आले होते. मला ओळखून आत आले. आण्णांना शेतकरी गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंद झाला, कारण शेतकऱ्यांत मोठं मार्केट आहे असं ते नेहमी सांगायचे. म्हणाले, "नाना, टोपी काढा."

"कुणाफुडं?"

"मशीनफुडं."

"मी देवळात बी टोपी घालून जातो. तुझ्या मशीनफुडं काढू?"

शेवटी टोपीवरूनच टोपडं बसवलं. टोपी खाली सरकून नानांच्या डोळ्यांवर आली. आण्णा विचारत राहिले, "डोंगर दिसला का? पाखरू दिसलं का?" नाना कठड्यात एकदा गोल फिरले आणि म्हणाले, "दिसत काय बी न्हाय. पण ऊन लागत न्हाय, त्येवढं बरं हाय."

बायकांचं तर विचारूच नये. अंबाड्यावर ते बसत नसे, गजरा चुरगळायचा. एकजण घालून उभा राहिला की बाकीचे भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत बसायचे, आणि तो हवेत हात मारायला लागला की हसायचे. आमच्याकडं कुस्ती असो की मॅच, माणूस शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून बघतो. टोपड्यात शेजारी नव्हता. आत गेलेला माणूस बाहेर आल्यावर काय बघितलं ते सांगूही शकत नव्हता. "हिरवं हिरवं हुतं," एवढंच म्हणायचा. आणि ओकायचा.

हो, ओकायचा. राजारामपुरीत माणूस मिसळ खाऊनच करमणुकीला निघतो. ती मिसळ पोटात, त्यात डोक्यावर ते जड टोपडं, पायाखालची जमीन उशिरा वळतेय, आणि भिंतीत मिरची. मी दारामागं बादली आणि राख ठेवली होती. मिरच्यांची देठं काढणारी मी, आता लाल तर्रीची ओकारी काढत होते. आण्णा नाकाला रुमाल लावून बाजूला उभे राहायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "सवय व्हायला येळ लागतोय. एस्टी बी पयल्यांदा लागतीच की."

त्यापेक्षा वाईट तो स्पंज. खोबरेल तेल, घाम, पावडर, गंध, कपाळावरचा अबीर, सगळं त्यात मुरायचं. संध्याकाळी मी तो दाबला की बोटांमधून काळसर पाणी यायचं. औषधाच्या पाण्यानं धुतला तर आण्णा ओरडायचे, "दवाखान्याचा वास येतोय, गिऱ्हाईक पळतंय!" आणि त्यावर अत्तर शिंपडायचे. घरी जाऊन मी भाकरी थापायला बसले की हात आधी तीनदा चुलीच्या राखेनं घासायचे, तरी वास जात नसे.

तरीही दिवाळीच्या सुट्टीत रांग लागली. वरच्या मजल्यावर क्लास होता, तिथली पोरं यायची, त्यांच्या मागून गल्ल्यांमधली यायची. आण्णा दारात कमरेवर हात ठेवून उभे असायचे. "बघितलंस, पारू? मार्केट!" मला म्हणायचे. खोटं कशाला बोलू, रांग मी डोळ्यांनी बघत होते, आणि मला वाटलं, या बोटाचंच खरं होणार बहुतेक.

संक्रांत झाली. बाजारात नवीन मिरची दिसायला लागली. आक्कांनी आण्णांना आठवण केली. आण्णा म्हणाले, बघू. परत केली, म्हणाले, बघू की. तिसऱ्या वेळी त्यांनी मनातलं सांगितलं. मी आणि हौसाबाई पापड लाटत होतो, आमच्यासमोरच.

"महानंदा, ह्या वर्सी कांडप ऱ्हाऊ दे. अजून दोन मशिनी आणायचं माझ्या डोस्क्यात हाय. लोक आता पाकिटातली चटणी खात्यात. कांडपाला मार्केट ऱ्हायलं न्हाय."

आक्कांचा चेहरा असा झाला की कुणी त्यांच्या डब्यात बोट घालून तेच चाटून परत घातलंय. "लिंग हातात घेतलं होतंसा," एवढंच बोलल्या.

"खोली मोकळी करतो म्हणालो हुतो. बघ की, एक मशीन सोडली तर खोली मोकळीच हाय."

हौसाबाईनं लाटणं पोळपाटावर आपटलं.

जुनी गिऱ्हाइकं मिरचीच्या पिशव्या घेऊन यायला लागली. आक्का दारात उभ्या राहून सांगायच्या, "येत्या सोमवारी या." पुढच्या सोमवारी तेच. काहीजणी आल्या, काहीजणी आल्याच नाहीत. एक बाई पिशवी घेऊन समोरच्या फुटपाथवरून सरळ पुढं गेली. आक्कांनी तिला बघितलं. "खसखस नको, तीळ दुप्पट," त्या आपल्याशीच म्हणाल्या. ते त्या बाईच्या घरचं प्रमाण होतं.

शिवरात्र आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आण्णांनी भंगारवाला बोलावला. तो बोळात शिरून प्लास्टिक उचलून बघायला लागला. आक्कांनी लसणाची बुट्टी उचलली, बोळात गेल्या आणि कांडपावर चढून बसल्या. लसूण सोलायला लागल्या. भंगारवाला म्हणाला, "वैनी, जरा उठा की." आक्का सोलत राहिल्या. तो आण्णांकडं बघायचा, आण्णा आभाळाकडं. दुपार कलली. भंगारवाला कंटाळून निघून गेला, तेव्हा आक्का उठल्या आणि लुगडं झाडून आत आल्या. पण भंगारवाला उद्या परत येतो म्हणून गेला होता, आणि लसूण रोज किती सोलणार?

त्याच आठवड्यात डोळ्यांची साथ आली. एक पोरगं लाल डोळे घेऊन रांगेत उभं होतं, डोळ्यांच्या कोपऱ्यांत पिवळी घाण. मी आण्णांना हळूच सांगितलं. आण्णा म्हणाले, "डोळं आल्यात म्हणून त्येनं काय बघायचंच न्हाय?" त्याला टोपडं घातलं. काढलं. बोट जिभेवर, बोट भिंगावर, आणि पुढचं पोर कठड्यात. मला तिथं उभं राहवेना, मी बादली घेऊन मागं गेले.

तीन-चार दिवसांत वरच्या क्लासातली निम्मी पोरं लाल डोळ्यांनी घरी बसली. त्यांच्या आया एकमेकींना भेटल्या. सगळ्यांची वाट आमच्या दाराशी येत होती.

त्या दुपारी आक्का मागं खलबत्त्यात थोडी चटणी कुटत होत्या. एका जुन्या गिऱ्हाईक बाईला नड होती, तिला परत पाठवणं त्यांना जमलं नाही. आण्णा आत आले. बोट बुडवलं, चाटलं, परत बुडवलं, आणि "मीठ..." म्हणतायत तोवर पुढून आरडाओरडा ऐकू आला. क्लासचे सर आले होते, मागं पाच-सहा आया, आणि त्यांच्यामागं फुकट बघायला अर्धी गल्ली.

आण्णा बोट तसंच घेऊन पुढं गेले. चटणीनं पेरापर्यंत लाल झालेलं.

"आण्णा, तुमच्या ह्या डब्यानं माझा क्लास बंद पडला!" सर ओरडले. "परीक्षा तोंडावर आल्यात!"

"साथ हाय सर. हवेत हाय."

"हवेत न्हाय, त्या स्पंजात हाय! हात लावून बघा. शी! माझ्या म्हशीच्या गोठ्यात ह्यापेक्षा स्वच्छ फडकं असतंय," एक आई म्हणाली.

"वैनी, मशीन स्वच्छ हाय. सगळ्यांफुडं दावतो. मी सोता घालतो, मग तर झालं?" आणि आण्णांनी टोपडं उचललं, भिंगं पुसली, स्पंजावरून सगळीकडं गोल बोट फिरवलं, लोकांना स्वच्छता दिसावी म्हणून जरा जास्तच फिरवलं.

"आण्णा, बोट," मी दारातून म्हणाले.

"थांब गं पारू, मधी बोलू नगं." त्यांनी टोपडं डोक्यावर चढवलं आणि पट्टा आवळला. "बघा, काय होतंय का? काय बी न्हाय. एकदम फस्क्लास. पन्हाळा दिसतोय, वर पाखरू..."

मग ते थांबले.

मग त्यांनी जी बोंब मारली ती वरच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. दोन्ही हातांनी टोपडं ओढायला लागले, पट्टा निघेना. कठड्यात गोल गोल फिरले, वायर गळ्याभोवती आली. "डोळं! माझं डोळं!" लोकांना आधी वाटलं आतलं पाखरू चावलं. टोपडं निघालं तेव्हा डोळ्यांभोवती लाल कडं उठलं होतं आणि नाकातून, डोळ्यांतून सगळं वाहत होतं. ते ज्या हातानं पुसायला गेले, त्याच हाताला ते बोट होतं. परत बोंब.

"आण्णा," गर्दीतून हौसाबाईचा आवाज आला, "मीठ बरोबर हाय का?"

गल्ली हसली. सरसुद्धा हसले. मीही हसले. आक्का पुढं आल्या, त्यांनी आण्णांचा दंड धरला, आत नेऊन दुधाच्या घड्या डोळ्यांवर ठेवल्या. आण्णा म्हणत होते, "महानंदा, उद्या नवा स्पंज लावतो, उद्या..."

"साकु," आक्का म्हणाल्या. चिडल्या की त्यांच्या तोंडी घरची कानडी यायची. साकु म्हणजे पुरे.

तिखट दुसऱ्या दिवशी उतरलं, पण साथ उतरायची होती. स्पंजात पोरांचं जे होतं ते आण्णांच्याही डोळ्यांत गेलं होतं. सकाळी उठले तर पापण्या चिकटलेल्या, पिवळा चिकटा गालापर्यंत ओघळलेला. आक्का कोमट पाण्याच्या कापसानं पुसायच्या, चेहऱ्यावर काही न दाखवता. ते मला जमलं नसतं. आण्णा मधल्या खोलीत डोळे बांधून पडून राहिले.

ते पडले तसं आक्कांनी गवंडी बोलावला आणि फिटर बोलावला. टोपडं, कठडं, वायर सगळं माळ्यावर गेलं. बोळातल्या कांडपाचा गंज आम्ही दोघींनी काथ्यानं घासून काढला. फरशी फोडून बोल्ट बसवले. पहिली मिरची घातली ती त्या खसखस-नको बाईची. आक्का स्वतः तिच्या घरी जाऊन पिशवी मागून घेऊन आल्या होत्या. आणि खटका दाबला.

मुसळं उठली, पडली. भिंती हादरल्या. काळ्या रंगाचे पोपडे पडायला लागले आणि खालून तांबूस भिंत दिसायला लागली.

मधल्या खोलीतून आण्णा ओरडले, "महानंदा! काय चाललंय?"

"हंगाम चाललाय," आक्का म्हणाल्या.

 आण्णा डोळे बांधून दिवसभर तो आवाज ऐकत पडले होते.

त्या वर्षी काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. पण कांडप राहिलं, पुढच्या सालात भरलं, आणि अजून आहे. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी काम सोडलं. घरची चटणी मात्र आक्कांकडंच कुटून आणायचे.

आण्णांना शेवटचं बघितलं ते तसंच, मिरच्या घेऊन गेले होते तेव्हा. दोन हजार सालानंतर बरीच वर्षं उलटली होती. राजारामपुरीत पोरांच्या हातात मोबाईल आले होते, जुन्या घरांच्या जागी फ्लॅट झाले होते. कांडप चालू होतं, खोलीत तिखटाचा धुरळा, बायका पदरानं नाक-डोळे झाकून बसलेल्या. आणि कोपऱ्यात खुर्चीवर आण्णा. खूप वाळले होते, मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनला तयार नव्हते. डोक्यावर ते टोपडं होतं. वायर तुटलेली, गळ्यापाशी लोंबत होती. स्पंज चिरलेला, तोच जुना, काळा. आत काही दिसत असणं शक्यच नव्हतं.

"आण्णांचं हे काय?" मी हौसाबाईला विचारलं.

"तिखट डोळ्यात जात न्हाय म्हणून घालत्यात," ती म्हणाली आणि मोठ्यानं ओरडली, "व्हय का न्हाय आण्णा? शेवटी घावलं की मार्केट!"

टोपडं आमच्याकडं वळलं, जरा उशिरा. "हसा," आतून आवाज आला. "येणार हाय परत. घराघरात येणार. लई मार्केट हाय त्येला." मग त्यांनी बोट स्पंजाखाली घातलं, डोळा बराच वेळ खाजवला, आणि बोट बाहेर काढलं. ओलं होतं.

माझी चटणी कुटून झाली होती. मी डबा भरत होते. गरम वास त्यांना लागला असावा. ते उठले, भिंत धरत धरत माझ्यापर्यंत आले आणि ते बोट पुढं केलं.

इतक्या वर्षांत मी आण्णांना कधी नाही म्हटलं नव्हतं. तेव्हाही म्हटलं नाही. मी डब्याला झाकण लावलं.

बोट झाकणावर आपटलं. थोडा वेळ झाकणावरून गोल गोल फिरत राहिलं, कड शोधत होतं. मग वर गेलं, जिभेला लागलं.

"मीठ कमी हाय," आण्णा म्हणाले.